मागच्या पत्र्यातली चार भोकं

कोल्हापुरात माझ्या मामाच्या घरामागच्या शेडमध्ये १९३१ सालची शेवरले उभी आहे. उघडी टूरर, वर कापडी टप. युद्ध संपल्यावर माझ्या आजोबांनी ती एका डॉक्टरांकडून जुनी विकत घेतली. साठच्या दशकात ती रस्त्यावरून उतरली ती उतरलीच. मामानं निवृत्त झाल्यावर तिच्यात हात घातला. मामा मेकॅनिकल इंजिनिअर, सगळं आयुष्य फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये गेलेलं. मी संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. गाडी नीट करायची याबद्दल आमच्यात दुमत नाही. नीट म्हणजे कशी, यावरून मात्र आम्ही भांडत असतो, जेवताना, फोनवर, शेडमध्ये तेलाच्या डब्यांवर बसून. त्या भांडणाचा गाभा इथे मांडते, कारण हा प्रश्न मला आमच्या एका गाडीपुरता वाटत नाही.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. शिवडीच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली तेव्हा जशी होती, तशी मला ती करायची आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. सुटे भाग जहाजानं मुंबईला यायचे आणि आपली माणसं ते जोडायची. इंजिन सहा सिलिंडरचं, सुमारे ३.२ लिटरचं, ५० हॉर्सपॉवरचं. चार सिलिंडरच्या भावात सहा सिलिंडर, अशी शेवरलेची जाहिरात असायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. फोर्डनं १९२७ मध्ये ‘मॉडेल टी’ बंद केली, नव्या गाडीसाठी कारखाने थांबवले, तेव्हा शेवरले खपात पुढे गेली. १९३१ मध्ये ती पुन्हा पुढे होती. एवढं विचार करून बनवलेलं यंत्र आहे हे. ज्यांनी ते आखलं, त्यांचा हेतू आपण पाळायला नको?

मी : हेतू पाळायचा म्हणजे एक दिवस पाळायचा. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली तो दिवस. त्यानंतर ती तीसेक वर्षं आपल्या रस्त्यांवर धावली. तू तिचा पहिला दिवस ठेवणार आणि पुढचं सगळं आयुष्य पुसून टाकणार.

मामा : पुसणार कसलं? दुरुस्त करणार. गंज म्हणजे आयुष्य नव्हे.

मी : गंजाबद्दल मी बोलतच नाहीये. मी त्या चार भोकांबद्दल बोलतेय.

ही भोकं गाडीच्या पाठीमागच्या पत्र्यात आहेत, खालच्या बाजूला, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. कारखान्यात पाडलेली नाहीत. कडा ओबडधोबड, मापं कमीजास्त. मामानं पहिल्यांदा ती मला दाखवली तेव्हा वेल्डिंगवाल्यासाठी खडूनं त्यांच्याभोवती गोल काढून ठेवले होते. तिथे कोळशाचा गॅस प्लांट बसवलेला होता. युद्धकाळात पेट्रोलवर रेशनिंग आलं, महिन्याला मिळणाऱ्या कुपनांत डॉक्टरांचा फेरा भागेना, तेव्हा पुष्कळ मोटारी आणि बस कोळशावर चालू लागल्या. मागे लोखंडी भट्टी. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, हवा तोलून-मापून द्यायची, म्हणजे तो पूर्ण जळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो वायू थंड करून, गाळून नळीनं इंजिनाकडे न्यायचा. गाडी सुरू करण्याआधी भट्टी पेटवून, पंख्यानं फुंकून वाट बघावी लागे. ताकद बरीच कमी मिळे आणि चढावर ते लगेच जाणवे. पण रात्री-अपरात्री डॉक्टर खेड्यातल्या बाळंतिणीकडे पोचत होते ते या भट्टीच्या जोरावर.

मी : त्याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं बघ. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचं उत्पादनच थांबलं. कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. जुन्या गाड्या भंगारात देणं हे देशकार्य समजलं जात होतं, वितळवून त्यांचं पोलाद युद्धाला जात होतं. ज्या गाडीला तिच्या मायदेशात वितळवलं असतं, ती इथे कोळसा खाऊन जगली. त्याचा पुरावा म्हणजे ही चार भोकं. आणि तू ती बुजवायला निघालायस.

मामा : त्या कोळशानं इंजिनाचं काय केलं ते मला विचार. सिलिंडर उघडले तेव्हा भिंती अशा झिजल्या होत्या की वरच्या टोकाशी बोटाला पायरी लागत होती. राख गाळणीतून सुटते, आत जाते, तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. मी बोअर करून घेतला, नव्या रिंगा घातल्या. ती झीजही पुरावाच होती की! ती मी घालवली तेव्हा तू काही बोलली नाहीस.

या मुद्द्यावर मामा बरोबर होता आणि त्याला ते ठाऊक होतं. झिजलेल्या सिलिंडरचं इंजिन चालत नाही, भोकांचा पत्रा चालतो, हे माझं उत्तर. चालण्यासाठी जे बदलणं भाग आहे ते बदलावं, आणि ज्याच्यामुळे चालण्यात काडीचा फरक पडत नाही ते राहू द्यावं. मामाला ही रेघ पटत नाही. तो म्हणतो, रेघ तुझ्या सोयीची आहे.

या वादात मामाची बाजू सगळ्यात भक्कम होते ती इंजिनापाशी. या शेवरलेच्या कनेक्टिंग रॉडमध्ये आजच्यासारखं सुटं बेअरिंग नसतं. रॉडच्या मोठ्या टोकातच व्हाइट मेटल ओतलेलं असतं. कथील मुख्य, त्यात थोडं अँटिमनी, थोडं तांबं. रॉडच्या तळाशी छोटा चमचा असतो, तो प्रत्येक फेऱ्यात तेलाच्या पन्हळीत बुडतो आणि तेल उडवतो. त्या उडालेल्या तेलावर बेअरिंग जगतं. आमच्या गाडीचं व्हाइट मेटल चिरा पडून सुटलं होतं. बाजारात ते मिळत नाही, ओतूनच घ्यावं लागतं. मामानं उद्यमनगरात एक वयस्क कारागीर शोधून काढला. त्यांनी रॉड तापवला, आतल्या भागाला कथलाचा हात दिला आणि वितळलेला धातू एका दमात ओतला. मध्ये हात थांबला तर थर पडतो आणि थर पडला की बेअरिंग वाया. नंतर लेथवर बोअर केलं. मग शाफ्टला निळा रंग लावून रॉड फिरवून बघायचा, निळा उठला तिथलं केसभर खरवडायचं, पुन्हा फिरवायचा. दिवसभर हेच. त्यांचा नातू शेजारी उभा राहून हे बघत होता.

मामा : आता मला सांग, तुझ्या संग्रहालयात हे कुठल्या कपाटात ठेवशील? गाडी काचेमागे ठेवली असती, भोकांसकट, गंजासकट, तर त्या म्हाताऱ्याच्या हातात काय आहे ते कुणाला कळलं असतं? त्याच्याकडे गेल्या कित्येक वर्षांत असं काम आलं नव्हतं. गाडी चालवायची ठरवली म्हणून काम निघालं, काम निघालं म्हणून त्या पोरानं ते बघितलं. यंत्र चालतं ठेवलं की त्याच्याबरोबर माणसांच्या हातातलं ज्ञान चालतं राहतं. यंत्र थांबलं की ते पण थांबलं.

मी : हे मला शंभर टक्के मान्य आहे.

मामा : मग भांडतेस कशाला?

मी : कारण हाच न्याय तू सुताराला लावत नाहीस.

त्या काळच्या शेवरलेच्या बॉडीचा सांगाडा लाकडी असे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीची हीच पद्धत होती. कठीण लाकडाची चौकट आणि तिच्यावर ठोकलेला पत्रा. सगळं पोलादाचं छत जनरल मोटर्सनं आणलं ते १९३५ च्या मॉडेलांत. आमच्या गाडीचं मूळ लाकूड आपल्याकडच्या पावसानं आणि वाळवीनं खाल्लं. कधीतरी पन्नासच्या दशकात आजोबांनी गावातल्या सुताराकडून मागची अर्धी चौकट सागवानात करून घेतली. सुतार बैलगाड्या आणि वाडे करणारा होता. त्यानं खिळे-स्क्रूंवर भर दिलाच नाही, लाकडात लाकूड असं बसवलं की आजही ते हलत नाही. कारखान्यात दाराच्या खांबाला जो बाक होता तो त्यानं डोळ्यानं पकडला, पण एका जागी त्याला तो जास्त गोल वाटला असणार. उजवं मागचं दार डाव्यापेक्षा किंचित वेगळं वळतं. मामाला हे दार डोळ्यांत खुपतं. अमेरिकेत या मॉडेलचे लाकडाचे तयार संच करून मिळतात आणि त्याला ते मागवायचे आहेत.

मामा : दोन दारं दोन तऱ्हेची! गाडी बघणारा काय म्हणेल?

मी : तो विचारेल, आणि आपण सांगू. अमेरिकेत फ्लिंटला फिशर बॉडीच्या कारखान्यात कामगार संप करून आत बसून राहिले ते ३० डिसेंबर १९३६ ला. ११ फेब्रुवारी १९३७ पर्यंत बसले. मधल्या काळात शेवरलेची इंजिनं बनायची तो चार नंबरचा कारखानाही त्यांनी ताब्यात घेतला. शेवटी जनरल मोटर्सला त्यांची युनियन मान्य करावी लागली. त्या लढ्यामुळे गाडी बनवणारे हात जगाला दिसले. तोवर लोकांना कंपनी माहीत होती, मॉडेल माहीत होतं, माणूस माहीत नव्हता. आपल्या गाडीत एका माणसाचा हात स्पष्ट दिसतोय, तो सुतार आपल्या पंचक्रोशीतला आहे, आणि तो हात काढून तू तिथे यंत्रावर कापलेलं लाकूड लावणार.

मामा : तूच सांगतेस की कारखान्यातल्या माणसांचा हात दिसायला हवा. मग शिवडीला ज्यांनी ही जोडली त्यांचं काय? त्यांची नावं कुठे आहेत? सुताराची निदान तुझ्या आईला आठवण आहे. शिवडीच्या माणसांची आठवण काढणारं कोणीच नाही. त्यांनी जशी जोडली तशी गाडी पुन्हा उभी करणं, हीच त्यांची आठवण. दुसरी मला करता येत नाही.

हे बोलताना मामाचा आवाज चढला होता. मूळ रूपाचा हट्ट म्हणजे बक्षिसांची हाव, असं पुष्कळांना वाटतं. मामाच्या हट्टाखाली कामगारांबद्दलचा हा आदर आहे, आणि त्याच्याशी भांडायला मला जड जातं. तरीही सागवानाची चौकट काढू नये, असंच माझं मत आहे. शिवडीचं काम त्या अर्ध्या भागात वाळवीनं केव्हाच संपवलं. तिथे आज जे उभं आहे ते सुताराचं आहे. ते काढून परदेशी संच बसवला तर शिवडीही परत येत नाही आणि सुतारही जातो.

जगभर या प्रश्नावर मत हळूहळू सरकलं आहे. अमेरिकेतली मोठी स्पर्धा पेबल बीचची, १९५० पासूनची. तिथे अनेक दशकं नव्यासारख्या, किंबहुना नव्याहून चकचकीत केलेल्या गाड्याच जिंकत आल्या. ज्या शेवरलेची किंमत ४७५ डॉलरपासून सुरू व्हायची, तिच्या पत्र्यावर कारखान्यानं कधी आरशासारखी झिलई दिली नसणार, पण स्पर्धेतल्या गाडीवर ती असते. पुढे न हाताळलेल्या गाड्यांसाठी वेगळे गट आले आणि २०२४ मध्ये तिथला सर्वोच्च मान १९३४ च्या एका बुगाटीला मिळाला, जी जुनी ती जुनीच ठेवलेली होती. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ मध्ये तुरीनची सनद केली, वास्तूंच्या जतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर. गाडीच्या वापरातल्या काळात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचा भाग आहेत आणि नवा भाग घातला तर तो ओळखू येईल अशी खूण करावी, असा तिचा रोख आहे. मी ती सनद छापून मामाला दिली. मामानं रात्री पेन्सिल घेऊन ती वाचली आणि सकाळी माझ्यापुढे ठेवली.

मामा : हे वाच. गाडी रस्त्यावर चालती राहणं महत्त्वाचं आहे, असंही तुझी सनद म्हणते. म्हणजे ती माझ्या बाजूनं आहे.

मी : आपल्या दोघांच्या बाजूनं आहे.

मामा : मग पन्हाळ्याला न्यायची मला परवानगी दे.

मी : परवानगी मी कोण देणार? आरटीओ आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास अशा कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मामाला हा नियम अपुरा वाटतो. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक वाट बघत उभे असतात. ती जर्मन गाडी शहरातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे, कारण ती दरवर्षी चालताना दिसते. मामा म्हणतो, आठवण ठेवायची तर वस्तू लोकांत फिरली पाहिजे. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते शोधायचंही नाही.

ब्रेक, वायरिंग आणि टायर यांवर आम्ही एक मिनिटही घालवलं नाही. ब्रेक मूळचेच, सळ्या-दोऱ्यांचे, पण अस्तर नवं. वायरिंग नवं, कापडी वेष्टणाचं, सहा व्होल्टचंच. जिवाशी संबंध आहे तिथे जुनेपणाचं कौतुक नको.

मग ड्रायव्हरचा विषय निघाला, आणि तो मी नव्हे, मामानं काढला. ही गाडी आजोबांची म्हणून सगळे सांगतात. आजोबा ती चालवत नसत. चालवायचे घरचे ड्रायव्हर, ज्यांना घरातली पोरं काका म्हणत. आंबा घाटात पाणी उकळायला लागलं की रेडिएटरवर ओलं पोतं टाकून बसायचे. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये इथलं काम गुंडाळलं, आयात भाग मिळेनासे झाले, तेव्हा ट्रकच्या, पंपाच्या, मिळेल त्या इंजिनाच्या भागांतून त्यांनी ही गाडी चालू ठेवली. सगळ्या गॅस्केटी त्यांनी घरी कापलेल्या.

मामा : मला हँडल मारायला त्यांनी शिकवलं. मी दहा-बारा वर्षांचा असेन. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिन उलटं फिरलं तर अंगठा मोडतो. माझा अंगठा त्यांनी दोनदा धरून बाजूला केला. परवा इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा माझा अंगठा आपोआप तिथे गेला.

मी : ती भोकंही कदाचित त्यांनीच पाडली असतील.

मामा : नाही. ते डॉक्टरांकडे नव्हते, नंतर आले. गॅस प्लांट काढला मात्र त्यांनीच असणार. आमच्या घरी आली तेव्हा तो गाडीवर होता, असं वडील सांगायचे.

मामा जरा वेळ पाठीमागच्या पत्र्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं खिशातलं फडकं काढून खडूचे गोल पुसले. भोकं राहतील. आतून पातळ पट्टी लावून पावसाचं पाणी अडवायचं, पट्टी बोल्टवर, वेल्डिंग नाही. एक वही त्यानं घातली आहे. काय काढलं, काय घातलं, कोणी केलं, कुठल्या साली. काढलेले भाग चिठ्ठी बांधून कपाटात. पहिल्या पानावर ड्रायव्हरकाकांचं संपूर्ण नाव आहे, त्यांच्या मुलाला विचारून लिहिलेलं. सुताराचं नाव अजून मिळालेलं नाही, आडनाव तेवढं कळलं आहे. त्याच्या चौकटीचा निकाल लागलेला नाही. मामानं संचाची ऑर्डर दिलेली नाही, पण तो विचार सोडल्याचंही तो म्हणत नाही.

अडलं आहे ते रंगावर. आमच्याकडे चित्रांसाठी करतात तसं मी दाराच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा थर थर घासून बघितली. वर काळा, ब्रशनं मारलेला, ब्रशच्या रेषा अजून दिसतात. खाली गडद लाल. सगळ्यात खाली, पत्र्याला चिकटून, राखाडीकडे झुकणारा निळा. हा निळा कारखान्याचा. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर ड्युको हा झटपट वाळणारा रंग फवारायला १९२३ च्या सुमारास सुरुवात झाली, त्यामुळे रंग तासांत वाळू लागला आणि स्वस्त गाड्यांनाही वेगवेगळे रंग मिळाले. मामा निळ्यावर ठाम आहे. मी म्हटलं, काळा ब्रशचा रंग ड्रायव्हरकाकांच्या हातचा असण्याची शक्यता आहे, तो साफ करून वर मेणाचा हात दिला तर टिकेल. मामा म्हणाला, गाडी रस्त्यावर न्यायची तर उघड्या पत्र्याला आणि सुटलेल्या पोपड्यांना मेण पुरणार नाही, गंज आतून चालत राहील. दोघांचंही खरं आहे.

शेवटी आईला विचारलं. ती मामापेक्षा सहा वर्षांनी मोठी, या गाडीतून शाळेच्या सहलीला गेलेली. ती म्हणाली, “निळ्या गाडीत मी कधी बसलेच नाही. निळी केलीत तर ती चांगली दिसेल, पण मला ती दुसऱ्याची वाटेल.” मामा तिला म्हणाला, “ताई, तू बसायच्या आधी पंधरा-सोळा वर्षं ती होतीच की.” आई म्हणाली, “होती ना. डॉक्टरांची होती.”

त्यावर तिघांनाही पुढे बोलता आलं नाही. पेंटर पुढच्या आठवड्यात येतोय. मडगार्ड कारखान्यातून काळे आले होते आणि आमच्या घरीही शेवटपर्यंत काळेच होते, म्हणून पहिलं काम त्याला तेवढंच दिलं आहे. दारांना हात लावायचा नाही, असं मामानं त्याला फोनवर दोनदा बजावलं.